कोजागिरीला पेरा, शिवरात्रीला निळं: बेळगाव भागात बियांपासून निळी हंगामी फुलं

परदेशी बियांच्या पाकिटामागे ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ असं छापलेलं असतं. जिथे मार्चमध्ये बर्फ वितळतं, तिथल्या माणसासाठी ते बरोबर आहे. आपल्याकडे मार्चमध्ये दुपारचा पारा 33-34 अंशांवर जातो आणि ही नाजूक निळी फुलं त्या उन्हात लवकर करपतात. म्हणून काही जण पावसाळा धरतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. वडगावच्या आमच्या परड्यात मृगात टाकलेलं कॉर्नफ्लॉवर या परदेशी निळ्या फुलाचं बी उगवलं, चार पानांवर आलं आणि आर्द्राच्या झडीत कुजून गेलं. एकही रोप हाती लागलं नाही.

पुढच्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. बेळगावची थंडी हाच या फुलांचा वसंत. शहराची उंची समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 14 अंशांच्या आसपास उतरतो, दिवसा कोरडं, सोसवेल असं ऊन असतं. या फुलांना त्यांच्या मुलखात वसंतात जे मिळतं, ते इथे थंडीत मिळतं. त्यामुळे माझं वेळापत्रक सणांवर बसलेलं आहे. कोजागिरी ते तुळशीचं लग्न या महिनाभरात पेरणी. संक्रांतीच्या आसपास रंग दिसायला लागतो, शिवरात्रीला वाफा भरलेला असतो आणि होळीला बी धरायचं.

तालुका बदलला की यात थोडा फरक करा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस रेंगाळतो आणि नंतर दवही भरपूर पडतं, तेव्हा चित्रा नक्षत्र सरल्याशिवाय बियांचं पाकीट फोडू नका. गोकाक, अथणीकडे ऑक्टोबरचं ऊन अजून कडक असतं, तिथे दिवाळीनंतर पेरलेलं बरं. निपाणी, चिकोडीकडच्यांनी दिवाळीच्या आठवड्यात पेरावं.

कोणती फुलं घ्यायची

निळ्या हंगामी फुलांची यादी मोठी आहे, पण आपल्या हवेत सगळी चालत नाहीत. नेमोफिलासारखी फुलं चित्रात फार सुंदर दिसतात. त्यांना लागणारा लांबलेला गारवा मात्र आपल्याकडे नाही. त्यांच्यावर पैसे घालू नका. मी पाच नावं सांगते: जवस, कॉर्नफ्लॉवर, नायजेला, लार्कस्पर आणि सायनोग्लॉसम. कुंडीसाठी लोबेलिया आणि अ‍ॅजेरेटम. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी पाचही घेऊ नयेत. जवस आणि कॉर्नफ्लॉवर एवढी दोनच घ्यावीत, दुसऱ्या वर्षी नायजेला आणि हात बसला की लार्कस्पर.

सुरुवात जवसाने

निळ्या फुलांसाठी लोक महागडी पाकिटं मागवतात आणि सगळ्यात सोपं निळं फूल किराणा दुकानात किलोवर विकायला असतं. चटणीचं जवस. आमच्या शेजारच्या कानडी अज्जी त्याला अगसी म्हणतात आणि भाकरीबरोबर त्याची चटणी त्यांच्या ताटात रोज असते. हेच जवस पेरलं की दीड-दोन महिन्यांत दोन फूट उंचीची बारीक, वाऱ्यावर लवणारी रोपं होतात आणि त्यांच्या टोकांना पाच पाकळ्यांची आकाशी फुलं येतात. उत्तर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात हे रब्बीचं जुनं पीक आहे, म्हणजे ही हवा त्याच्या ओळखीची आहे.

दुकानातून घेताना न भाजलेलं जवस मागा. भाजलेलं उगवणार नाही. बी रात्रभर भिजत घालण्याची सवय इथे मोडावी लागते. जवसाला पाणी लागलं की त्याच्याभोवती चिकट बुळबुळीत थर येतो, बिया एकमेकींना चिकटतात आणि हातातून सुटत नाहीत. कोरडंच पेरा. एका चौरस मीटरला चहाचा एक चमचा बी पुरतं. वीतभर अंतरावर बोटाने उथळ रेघा ओढायच्या, त्यांत बी सोडायचं आणि एक-दीड सेंटिमीटर मातीने झाकायचं. आठवड्याभरात हिरवी रेघ दिसते.

जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात. दुसऱ्या दिवशी नवी फुलं. हे माहीत नसलं तर माणूस संध्याकाळी कामावरून येऊन वाफ्याकडे बघतो आणि फुलं आलीच नाहीत असं समजतो. सकाळी आठच्या आत बघा. एका वेळच्या पेरणीचा बहर दोन-तीन आठवडे चालतो, म्हणून एकदम सगळं न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी तीन हप्त्यांत पेरा. किराणा दुकानातल्या बियांत वाणांची सरमिसळ असते, त्यामुळे मधेच एखादं पांढरं फूल निघालं तरी काळजी नको.

विरळणीत जवसाचा फारसा त्रास नाही. रोपं दाटच बरी दिसतात, दोन रोपांत दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. दाट असली की एकमेकांना धरून उभी राहतात.

जमीन

इथे मात्र वेळ द्या. आपल्या जिल्ह्यात दोन तऱ्हेच्या माती आहेत आणि दोघींचे दोष उलटे.

पश्चिमेकडे, बेळगाव शहराच्या आसपास आणि खानापूरकडे, तांबडी जांभ्याची माती आहे. पाणी छान निचरते, पण चार महिन्यांच्या पावसाने तिच्यातला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. कॉर्नफ्लॉवर, लार्कस्पर, नायजेला यांना आंबट माती आवडत नाही. शेतीसाठी मिळणारी चुन्याची भुकटी चौरस मीटरला शंभर ते दीडशे ग्रॅम टाका आणि पेरणीआधी दोन आठवडे मातीत मिसळून ठेवा. चुलीची राख मिळत असेल तर एक-दोन मुठी तीही चालते. चुना आणि शेणखत एकाच दिवशी एकत्र घालू नका, नत्र उडून जातं.

पूर्वेकडच्या काळ्या मातीला चुना नको. तिथे प्रश्न पाण्याचा. काळी माती ओल धरून बसते आणि ही रोपं कोरड्या पायांची आहेत. तिथे वीतभर उंच गादीवाफा करा, वरच्या थरात वाळू आणि चांगलं कुजलेलं खत मिसळा. वाळू नसेल तर भाताचं तूस घाला. भाताच्या गिरणीवर ते सहज मिळतं.

खताबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. भाजीला देतो तसं खत या फुलांना देऊ नका. यांतली बरीच झाडं युरोपात हलक्या जमिनीत, धान्याच्या शेतात तणासारखी वाढलेली. जास्त नत्र मिळालं की पानं माजतात, देठ मऊ पडतात, फूल उशिरा येतं आणि पहिल्याच वाऱ्यात रोप आडवं होतं. चौरस मीटरला दोन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा एक किलो गांडूळखत, आणि नंतर काही नाही. शेणखत कच्चं असेल तर त्यातून हुमणी येते. ऊसवाल्यांना मी हुमणीबद्दल काय सांगणार! खत चाळून घ्या, पांढरी वाकडी अळी दिसली की वेचून काढा.

आता तण. दसऱ्याच्या सुमारास वाफा तयार करा, माती मोकळी करून सपाट करा, पाणी द्या आणि काही न पेरता दहा-बारा दिवस तसाच सोडा. मातीतलं तणाचं बी उगवून वर येईल. ते खुरप्याने वरच्यावर खरवडून काढा, खोल उकरू नका, नाहीतर खालचं नवीन बी वर येतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र हाताने मुळासकट उपसाव्या लागतात. हे दहा दिवस ज्यांनी वाचवले, त्यांना नंतर महिनाभर गाजरगवत आणि फुलाचं रोप यांतला फरक शोधत बसावं लागतं. नायजेलाची कोवळी पानं कोथिंबीर-शेपूसारखी चिरलेली असतात, गाजरगवताच्या पिलाशी त्यांची गल्लत सहज होते.

याच कारणासाठी सगळं बी सरळ ओळींत पेरा. फेकून पेरलेला वाफा पुढे नैसर्गिक दिसतो हे खरं, पण ओळीत उगवलेलं ते आपलं आणि ओळीबाहेरचं ते तण, ही खूण नवख्या माणसाला फार उपयोगी पडते. रोपं वाढली की ओळी दिसत नाहीत.

कॉर्नफ्लॉवर

बी ओळखायला सोपं. करड्या चकचकीत दाण्याला वर आखूड केसांचा झुपका, अगदी छोट्या दाढीच्या ब्रशसारखा. जागेवरच पेरा, एक सेंटिमीटर खोल. अंधार मिळाला की बरं उगवतं, म्हणून नीट झाका. आठ ते चौदा दिवसांत उगवतं.

पेरणीनंतरचा पहिला शत्रू मुंगी. हे बी मुंग्यांना फार आवडतं आणि एका रात्रीत सगळी ओळ वाहून नेतात. वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढा, वारूळ जवळ असेल तर हळद टाका आणि रोज सकाळी बघा. दुसरा शत्रू कोंबड्या आणि चिमण्या. त्यांच्यासाठी बोराटीच्या काट्या पसरलेल्या बऱ्या.

रोपं दोन बोटं उंच झाली की विरळणी. दोन रोपांत 20 ते 25 सेंटिमीटर हवेतच. उगवलेलं रोप उपटून टाकताना जीव तुटतो, मी समजू शकते. पण दाटीतल्या दहा रोपांपेक्षा सुट्या तीन रोपांना जास्त फुलं येतात, आणि दाटीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पसरते ती वेगळीच. उपटलेली रोपं दुसरीकडे लावून बघायची असतील तर अगदी लहान असताना, मातीच्या गोळ्यासकट, संध्याकाळी लावा. याचं मूळ सरळ खाली जाणारं असतं, ते दुखावलं की रोप रुसतं.

मग डिसेंबर येतो आणि पुष्कळजण घाबरतात, कारण कॉर्नफ्लॉवर वाढतच नाही. करड्या-हिरव्या लांब पानांचा गुच्छ जमिनीलगत बसून राहतो. हे दुखणं नव्हे. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं. उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसांची त्याला सवय, आणि आपल्याकडे डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्या काळात ते मूळ आणि पानं करतं. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत गेला की देठ भराभर वर येतात. पाकिटावरच्या मुदतीपेक्षा ते इथे उशिरा फुलतं ते यामुळेच. डिसेंबरात घाई करून युरिया टाकू नका. फक्त देठ वीतभर झाला की शेंडा खुडा, म्हणजे एका देठाचे चार होतात.

उंच जात तीन फुटांपर्यंत जाते. बांबू आणि सुतळीने बांधलेली झाडं मला कैद केल्यासारखी वाटतात. मी तुराट्या वापरते. तुरीच्या वाळक्या, फाटे असलेल्या काड्या रोपं वीतभर असतानाच त्यांच्या मधे खोचून द्यायच्या. रोपं त्यांतून वर येतात, काड्या झाकल्या जातात आणि वाऱ्यात काही मोडत नाही. रोपं पडल्यावर आधार देण्यात अर्थ नाही, वाकलेला देठ वाकलेलाच राहतो.

हा निळा येतो कुठून

बरेच जण विचारतात की फूल अजून निळं व्हायला मातीत काय घालू. कोणी मोरचूद सांगतं, कोणी गंजके खिळे. या फुलांना त्यातलं काही लागत नाही. मातीच्या आंबटपणावर रंग बदलणारं फूल हायड्रेंजिया, आणि तेही मातीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे. कॉर्नफ्लॉवरची गोष्ट वेगळी आणि फार सुंदर आहे. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1913 मध्ये याच फुलातला रंग वेगळा काढला आणि पुढे लाल गुलाबातही तेच रंगद्रव्य असल्याचं दाखवलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्याला 1915 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एकच रंग एकीकडे लाल आणि दुसरीकडे निळा कसा, याचं पुरतं उत्तर मिळायला 2005 साल उजाडलं. जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की कॉर्नफ्लॉवरमध्ये रंगद्रव्याचे सहा आणि त्याच्या सोबतीच्या दुसऱ्या एका द्रव्याचे सहा रेणू लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याभोवती एका ठरलेल्या रचनेत बसतात आणि त्या रचनेतून निळा दिसतो.

आम्ही विणकरांच्या गल्लीतली माणसं. झाडापानांचा रंग सुतावर धरायला तुरटी, म्हणजे धातूचंच एक मीठ, लागते हे लहानपणापासून ऐकलेलं. फुलानेही आपला रंग धातूलाच धरून पक्का केलेला आहे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या फुलाकडे बघत बसले होते. त्याला लागणारं लोह आणि मॅग्नेशियम साध्या मातीत असतंच. बाहेरून घालायची गरज नाही.

नायजेला

किराणा दुकानातली कलौंजी ही नायजेलाचीच एक जात. पुष्कळजण तिला कांद्याचं बी समजतात, पण कांद्याशी तिचा काही संबंध नाही. कलौंजी पेरली तर फिकट, निळसर पांढरी फुलं येतात. गडद आकाशी हवं असेल तर तिची बहीण, नायजेला डॅमॅसिना घ्यावी लागते. ‘मिस जेकिल’ हा तिचा निळा वाण, गर्ट्रूड जेकिल या इंग्लिश बागकर्तीच्या नावाचा, बियाणं विकणाऱ्यांकडे मिळतो. फुलाभोवती बडीशेपेच्या पानांसारखी बारीक हिरवी जाळी असते, धुक्यात फूल ठेवल्यासारखी.

जागेवरच पेरा, अर्धा सेंटिमीटर खोल. हिला उपटून लावणं अजिबात सहन होत नाही. दहा-बारा आठवड्यांत फूल येतं. बहर थोड्या दिवसांचा, म्हणून जवसासारखीच तीन हप्त्यांत पेरणी. रोपांत वीतभर अंतर. फूल गेल्यावर फुगलेली बोंडं येतात, ती काढू नका. जांभळट रेघांची ती बोंडं वाळवून फुलदाणीत वर्षभर टिकतात, आणि त्यांतच पुढच्या वर्षीचं बी.

लार्कस्पर

हे सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात देखणं. तीन-चार फुटी सरळ तुरे, त्यांवर गडद निळी फुलं, प्रत्येकाला मागे छोटी शेपटी. घराच्या भिंतीलगत ओळीने उभे राहिले की समोरून जाणारा माणूस थांबतोच.

अडचण उगवणीची. माती गरम असली की लार्कस्परचं बी झोपून राहतं. 18 अंशांच्या वर उगवण फार घसरते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी माती त्यापेक्षा किती तरी गरम असते. म्हणून मी असं करते. दसऱ्यानंतर बारीक वाळू ओली करून पिळून घ्यायची, म्हणजे मुठीत दाबली तर पाणी गळणार नाही इतकीच ओल. त्यात बी मिसळायचं, छोट्या डबीत भरायचं, वर तारीख लिहायची आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नको. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, रात्री गार पडायला लागल्या की, ती वाळू बियांसकट ओळींत सोडायची आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटर मातीने झाकायची.

वर ओलं गोणपाट अंथरा. लार्कस्परला उगवताना अंधार हवा आणि गारवा हवा, गोणपाटाने दोन्ही मिळतं. सकाळी झारीने गोणपाटावरच पाणी शिंपडा, म्हणजे बी वाहून जात नाही. दोन आठवड्यांनंतर रोज एक कोपरा उचलून बघा. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे, लांब आणि लुळे होतात. एका वर्षी लग्नाला म्हणून मी तीन दिवस कोल्हापूरला गेले आणि परत येईपर्यंत अर्धा वाफा असाच गेला होता.

बी ताजंच घ्या. लार्कस्परचं बी वर्षभरात बरंच निकामी होतं. पाकिटावरची पॅकिंगची तारीख वाचल्याशिवाय घेऊ नका, आणि उन्हात टांगलेली पाकिटं तर नकोच.

रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर, तुराट्यांचा आधार, आणि फूल यायला साडेतीन ते चार महिने. फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर तुरे उभे राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लार्कस्पर विषारी आहे. पूर्ण झाड, त्यातही बी आणि कोवळी रोपं. आपल्याकडे घराला लागून गोठा असतो, गल्लीत शेळ्या फिरतात. विरळणीत उपटलेली रोपं गाई-म्हशींच्या दावणीत टाकू नका, उकिरड्यावर उघडी फेकू नका, खड्ड्यात पुरा. बी धरताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि नंतर हात धुवा. परड्याला कुंपण नसेल आणि शेळ्यांची ये-जा असेल तर लार्कस्पर लावूच नका, जवस आणि कॉर्नफ्लॉवरवर समाधान माना.

सायनोग्लॉसम आणि कुंडीतली फुलं

सायनोग्लॉसमची फुलं अगदी छोटी, पण रंग स्वच्छ आकाशी. सह्याद्रीच्या पठारांवर दिसणारी निसुर्डी याच कुळातली. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, झाका, दहा-पंधरा दिवसांत उगवतं. बियांना कुसळं असतात, साडीच्या काठाला चिकटून घरभर होतात, तेवढं सांभाळा.

लोबेलियाचं बी धुळीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये 30,000 हून जास्त बिया. हे ट्रेमध्ये पेरायचं. बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून पसरा, मातीने झाकू नका, कारण याला आणि अ‍ॅजेरेटमला उगवायला उजेड लागतो. वरून पाणी घालू नका, ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. दोन महिन्यांची रोपं कुंडीत हलवा. अ‍ॅजेरेटम सगळ्यांत चिवट आहे, उन्हाला थोडं सोसतं. आपल्या बांधांवरची ओसाडी त्याचीच चुलत बहीण, यावरून समजा.

गच्चीवर कुंडीत करणाऱ्यांसाठी: दोन भाग तांबडी माती, एक भाग गांडूळखत, एक भाग वाळू किंवा भाताचं तूस. बारा इंची कुंडीत कॉर्नफ्लॉवरची तीन रोपं, नायजेलाची पाच, लार्कस्परचं एक किंवा दोन. जवसाला पसरट कुंडी घ्या आणि ती भरून पेरा.

पाणी, दव आणि कीड

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी आणि रात्रीचं दव मिळून पानं रात्रभर ओली राहतात आणि डिसेंबर-जानेवारीत भुरी येते. पानांवर पीठ शिंपडल्यासारखं दिसलं की ती पानं काढून टाका आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन सकाळी गार वेळी फवारा. कडक उन्हात गंधक फवारलं तर पानं भाजतात. रोपं चार पानांची होईपर्यंत माती ओलसर ठेवा, त्यानंतर वरचं बोटभर सुकलं की मगच पाणी. ओल जास्त झाली तर कोवळी रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात आणि त्यावर नंतर इलाज नाही.

कॉर्नफ्लॉवरच्या शेंड्यांवर काळा मावा येतो. पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन दिवस मारला की बराचसा जातो. राहिला तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडं साबणाचं पाणी मिसळून, संध्याकाळी मधमाश्या घरी गेल्यावर. फुलांवर मधमाश्या असताना काहीही फवारू नका. गोगलगायी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोवळी ओळ रातोरात फस्त करतात. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन फिरा आणि वेचा, याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

सुकलेलं फूल दर दोन दिवसांनी खुडा. झाडाला बी धरू दिलं की त्याचं काम झालं, ते फुलायचं थांबतं. घरात ठेवायला कॉर्नफ्लॉवर पहाटे, अर्धं उमललेलं असताना कापा, बुडाची पानं काढून पाण्यात ठेवा, पाच-सहा दिवस टिकतं. जवस कापून उपयोग नाही, ते वाफ्यातच बघायचं फूल.

उन्हाळ्यात काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर गोकर्ण. त्याच्या बियांचं कवच टणक, एका बाजूने काचकागदावर घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा आणि फेब्रुवारीत कुंपणालगत टोचा. पाणी मिळत राहिलं तर वेल कडक उन्हातही फुलतो.

बी धरणं

फेब्रुवारीच्या मध्यापासून प्रत्येक जातीची चांगली चार-पाच झाडं राखून ठेवा आणि त्यांची फुलं खुडणं थांबवा. कोणती राखायची ते भर बहरात ठरवा. ज्याचा निळा सगळ्यांत खोल त्याला सुतळीचा तुकडा बांधून ठेवा. कॉर्नफ्लॉवरमध्ये मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. शेजारी गुलाबी-पांढरी जात असेल तर पुढच्या वर्षी सरमिसळ होईल. शुद्ध निळं हवं असेल तर दुसऱ्या रंगाची झाडं फुलण्याआधी काढा.

जवसाचं बोंड कानाजवळ हलवल्यावर वाजलं की तयार. नायजेलाचं बोंड तपकिरी, कागदासारखं झालं की कापा. लार्कस्परच्या शेंगा खालून वर पिकत जातात आणि फुटून बी सांडतं, तेव्हा खालच्या शेंगा उकलायला लागल्या की अख्खा तुरा कागदी पिशवीत उलटा धरून कापा. कॉर्नफ्लॉवरचं बोंड रुपेरी होऊन उघडलं की झुपके दिसतात, त्याच दिवशी वेचा, नाहीतर वारा आणि मुंग्या वाटून घेतात. हे सगळं मार्चअखेर आटपा. एप्रिलमध्ये आपल्याकडे वळीव येतो आणि उभ्या झाडावरचं बी भिजलं की संपलं.

बी सावलीत आठवडाभर वाळवा. त्यानंतरची खरी परीक्षा आपल्या पावसाळ्याची. चार महिने घरातलं मीठ पाणी सोडतं, तिथे बियांचं काय होत असेल! कागदी पुड्या करा, प्रत्येकीवर नाव आणि साल लिहा. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी मूठभर तांदूळ कोरडे भाजून, पूर्ण थंड करून घाला, ते हवेतली ओल ओढून घेतात. त्यावर पुड्या ठेवून झाकण लावा. लार्कस्परची पुडी वेगळ्या छोट्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये.

गणपती गेले की डबा उघडा. प्रत्येक पुडीतल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीखाली ठेवा, फडकं सुकू देऊ नका. लार्कस्परची ताटली तेवढी फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन आठवडे वाट बघा. दहातल्या सात-आठ फुटल्या तर नेहमीसारखं पेरा. चार-पाच फुटल्या तर ओळीत दुप्पट बी सोडा. दोन-तीनच फुटल्या तर नवं पाकीट आणा, कोजागिरीला अजून वेळ असतो.